अक्षरांचा हजेरीपट

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर; वाचकांसाठी येथे थोडा विस्ताराने देत आहे.)



मी भाषेचा शिक्षक आहे, संगणकाचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर कोणी बिघडलेला मोबाईल माझ्यापुढे धरणार नाही. तरी आजच्या विषयात संगणक पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण आपली अक्षरे आता त्याच्या घरी राहावयास गेली आहेत. ती तेथे नीट नांदतात की नाही, हे पाहणे भाषेच्या शिक्षकाचेही काम आहे आणि आई-बापांचेही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सहामाही परीक्षेची मराठीची प्रश्नपत्रिका मी रात्री जागून घरी टाईप केली आणि सकाळी छपाईच्या दुकानात नेली. दुकानदाराने फाईल उघडली तर पडद्यावर मराठीचे एक अक्षर नाही! इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि आकडे यांची नुसती खिचडी. तो म्हणाला, "सर, तुमचा फॉन्ट आमच्याकडे नाही." मी म्हणालो, "फॉन्ट नसेल तर अक्षर वेडेवाकडे दिसावे. पण क चा ड कसा होतो?" त्याला उत्तर देता आले नाही आणि मलाही ते ठाऊक नव्हते. त्या दिवशी प्रश्नपत्रिका हाताने लिहून झेरॉक्स केली. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि त्याच्या पाठीमागे लागून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

विद्यार्थी मित्रहो, यंत्राला अक्षर कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. वर्गात मी हजेरी घेतो तेव्हा जशी हजेरीपटावर नावापुढे अनुक्रमांक असतो, तसा यंत्राच्या हजेरीपटावर प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा यंत्र तो क्रमांक लिहून ठेवते, आणि पडद्यावर दाखवताना त्या क्रमांकाचे चित्र काढते. हे चित्र म्हणजे फॉन्ट. क्रमांक म्हणजे माणूस आणि फॉन्ट म्हणजे त्याचे कपडे, असे समजा. कपडे बदलले म्हणून माणूस बदलत नाही.

आता माझ्या प्रश्नपत्रिकेचे काय झाले होते? अमेरिकेत १९६३ साली अक्षरांचा जो पहिला सर्वमान्य हजेरीपट ठरला त्यात जागा होत्या अवघ्या १२८. इंग्रजीची अक्षरे, आकडे, विरामचिन्हे एवढ्यांतच वर्ग भरला. आपल्या अक्षरांना बाकच नव्हता. मग आपल्याकडच्या कारागिरांनी एक युक्ती केली. त्यांनी इंग्रजी अक्षराला मराठीचे कपडे चढवले. पडद्यावर क दिसत होता, पण वहीत हजेरी लागत होती एखाद्या इंग्रजी अक्षराची. ज्या दुकानात ते कपडे नव्हते तेथे तो उघडा पडला. अशा फॉन्टमध्ये आपल्याकडे कितीतरी पुस्तके, वर्तमानपत्रे, अर्ज आणि याद्या वर्षानुवर्षे तयार झाल्या. त्यांतील पुष्कळ मजकूर आज शोधताही येत नाही, कारण मराठी म्हणून तो कधी नोंदलाच गेला नाही.

योग्य रस्ता धरणारे लोकही आपल्याच देशात होते. कानपूरच्या आय.आय.टी.त देवनागरी संगणकावर काम झाले आणि १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात तो यंत्रसंच लोकांपुढे ठेवला गेला. त्या कामात मोहन तांबे हे आघाडीवर होते. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तेथे आले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचा स्वतंत्र हजेरीपट ठरला. १९९१ साली त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी एकच हजेरीपट करावयाचा म्हणून 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली आणि त्यात देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली गेली. आज त्या पटावर दीड लाखाहून अधिक चिन्हे आणि दीडशेहून अधिक लिप्या आहेत.

या पटावर आपल्या क चा क्रमांक २३२५ आहे. मुंबईत, मक्केत किंवा मॉरिशसमध्ये, कोणत्याही यंत्रात तो २३२५ च. यात एक गंमत आहे. भारतीय लिप्यांना १२८-१२८ जागांचे वर्ग दिले आहेत आणि प्रत्येक वर्गात क त्याच बाकावर बसतो. २३२५ मध्ये १२८ मिळवा, २४५३ हा बंगालीचा क मिळेल. देवनागरीपासून तीन वर्ग पुढे गेलात की गुजरातीचा क, २७०९. विद्यार्थ्यांनी घरी हिशेब करून पाहावा.

आता आपली लिपी इंग्रजीसारखी सुटी सुटी नाही. आपण अक्षर म्हणतो ते एक पूर्ण उच्चाराचे असते. 'क्षि' हे आपल्या कानाला एक अक्षर आहे. यंत्र मात्र ते चार क्रमांकांत लिहिते: क, पाय मोडण्याचे चिन्ह, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. वेलांटी कागदावर आधी काढतात, पण बोलताना ती शेवटी येते; यंत्रही ती शेवटीच नोंदते. म्हणजे यंत्र डोळ्यापेक्षा कानाचे ऐकते. पहिलीच्या मुलाला आपण ज्या क्रमाने बाराखडी म्हणावयास लावतो तोच क्रम हा. मला हे कळले तेव्हा फार बरे वाटले. बाराखडी जुनी झाली असे म्हणणाऱ्यांनी हे ऐकावे.

आता घरची गोष्ट. आपण राहतो तो मुलूख वऱ्हाड. हा शब्द फळ्यावर लिहिताना आपण व नंतर एक लहानशी आडवी रेघ काढतो आणि तिला ह चिकटवतो. हा झाला मराठीचा खास अर्धा र. हिंदीला त्याची गरज पडत नाही, आपल्याला पावलोपावली पडते. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे सातपुड्यात आहेत त्या. आचार्यांना बोलावणे धाडले तर विद्वान गृहस्थ येतील, आचाऱ्यांना धाडले तर बिर्याणी शिजेल. लग्नाच्या घरी ही चूक परवडणारी नाही!

पण यंत्रात साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि ह असे टाईप केले तर र उडी मारून ह च्या डोक्यावर बसतो आणि वऱ्हाडचे 'वर्हाड' होते. हे रूप तुम्ही पाट्यांवर, बॅनरवर, लग्नपत्रिकांवर रोज पाहता. दोष यंत्राचा नाही. पटावर खाली टिंब असलेला एक वेगळा ऱ आहे, क्रमांक २३५३. तो घेऊन त्याचा पाय मोडला की आपली आडवी रेघ बरोबर उमटते. दुसरीही एक वाट आहे: साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह, ज्याचा क्रमांक ८२०५. दोन्ही वाटांनी पडद्यावर 'वऱ्हाड' सारखेच दिसते, पण वहीत ते दोन निरनिराळे शब्द असतात. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर साधे यंत्र खुशाल सांगते, "सापडला नाही."

ॲ ची कथा अशीच. ॲडमिशन, ॲडव्होकेट, ॲम्ब्युलन्स हे शब्द आपण अ वर चंद्र काढून लिहितो. पटावर पूर्वी ए वर चंद्र असलेले हिंदी वळणाचे ऍ तेवढे होते. मराठी वळणाच्या ॲ ला क्रमांक मिळाला २००८ साली. तोपर्यंत दवाखान्याच्या गाडीला एकतर हिंदी टोपी घालावी लागे, नाहीतर चंद्र दुसरीकडून आणून अ वर चिकटवावा लागे. रुपयाच्या चिन्हाचे मात्र नशीब पाहा. सरकारने ते जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये पटावर त्याचे नावही लागले. पैशाला रांगेत फार वेळ उभे राहावे लागत नाही.

पालक बंधुभगिनींनो, हे तुम्हांला कशासाठी सांगतो आहे? आपल्या गावाचे नावच घ्या. कोणी अकोट लिहितो, कोणी आकोट. माणसाला दोन्ही एकच. यंत्राच्या लेखी पहिले अक्षर २३०९ आणि २३१०. म्हणजे गावे दोन. माझ्या वर्गातील एका मुलाचा अर्ज याच कारणाने परत आला होता. दाखल्यावर एक अकोट, दुसऱ्या कागदावर दुसरे. बाप हातमजुरी करणारा. तीन दिवसांची मजुरी बुडवून तो एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरला. शेवटी काम झाले. पण ते तीन दिवस त्याला कोणी भरून दिले नाहीत.

आपल्या मुलांच्या नावांत तर ही अडचण दुप्पट आहे, कारण आपली नावे दोन लिप्यांत राहतात. देवनागरीत फातिमा हे नाव कोणी साध्या फ ने लिहितो, कोणी नुक्ता देऊन फ़ातिमा. शिवाय नुक्त्याचा फ़ यंत्रात दोन तऱ्हांनी उतरतो: एकसंध एका क्रमांकाने, किंवा फ आणि नुक्ता अशा दोन क्रमांकांनी. उर्दूतही तेच. अरबीचा काफ १६०३ आणि उर्दूचा काफ १७०५. अरबीची ये १६१० आणि उर्दूची १७४०. 'शकील' या नावात काफ आणि ये दोन्ही शब्दाच्या मध्ये जोडून येतात, आणि तेथे दोन्ही प्रकारच्या अक्षरांचे रूप डोळ्यांना अगदी सारखे दिसते. एका यंत्रावर अरबी कळफलकाने आणि दुसऱ्यावर उर्दू कळफलकाने शकील लिहा. वाचणाऱ्याला एकच शकील दिसेल, यंत्राला दोन. यादीत नाव असूनही 'नाव नाही' असे उत्तर का येते, त्याचे हे एक कारण.

म्हणून शाळेत नाव घालताना घाई करू नका. नाव कसे लिहावयाचे हे घरात बसून एकदा ठरवा, कागदावर लिहून आणा आणि दाखला, आधार, बँक, सर्वत्र तेच ठेवा. लिहून घेणारा कारकून असो की मी असो, पडद्यावर किंवा वहीत स्वतः वाचून पाहिल्याशिवाय उठू नका. शिक्षकाला राग येईल असे मनात आणू नका. आला तर तेवढ्यापुरता येईल. नाव जन्मभर राहते.

उर्दूचा विषय निघाला म्हणून थोडे आडवाटेने जातो. १९२७ साली मद्रासला सुरू झालेले 'मुसलमान' हे उर्दू दैनिक संगणक आल्यावरही पुष्कळ वर्षे कातिबांच्या हातून लिहून छापले जात राहिले. नस्तालीकचे वळण यंत्राला साधणे कठीण होते. १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' काढले आणि उर्दू छपाईचे रूप पालटले. मात्र त्यातील जुन्या फायलींची गत माझ्या प्रश्नपत्रिकेसारखीच आहे. त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय बाहेर चालत नाहीत. ज्यांच्या संग्रही अशा फायली असतील त्यांनी हे काम उद्यावर ढकलू नये. वाळवी फक्त कागदालाच लागते असे नाही.

आता ज्यांना पटावर जागाच नव्हती त्यांच्याकडे वळू. आपल्या घरांत, जुन्या ट्रंकांत, खरेदीखते आणि फारखत्या मोडी लिपीत आहेत. सुमारे १९५० पर्यंत महाराष्ट्राचा कारभार याच लिपीत चालत होता. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले २०१४ साली, ७९ चिन्हांसह. अंशुमन पांडे या अभ्यासकाने जुनी कागदपत्रे आणि पुस्तके यांचे पुरावे जोडून तसा प्रस्ताव दिला होता. क्रमांक मिळाला म्हणजे ट्रंकेतला कागद आपोआप वाचला जातो, असे मात्र नाही. त्याला वाचणारा माणूसच लागतो. २०२३ साली राज्य सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली तेव्हा मोडी आणि उर्दू, दोन्ही लिप्यांतील जुने दस्त वाचण्याची पाळी आली. उर्दूचा काय उपयोग, असे विचारणाऱ्या पालकांसाठी हे मुद्दाम सांगितले.

आपल्या उत्तरेला मेळघाट आहे. तेथील कोरकू भाषा लिहावयाची झाल्यास देवनागरीत लिहितात. गोंडी भाषेला मात्र स्वतःच्या लिप्या आहेत. एक लिपी बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली तयार केली. दुसरी पैनगंगेपलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला या खेड्यात जुन्या हस्तलिखितांत मिळाली. त्या खेड्यातील वृद्धांनी ती पाने जपून ठेवली होती, म्हणून हैदराबाद विद्यापीठातील अभ्यासकांना त्यांवर काम करता आले. मसराम यांच्या लिपीला २०१७ साली आणि गुंजाला गोंडीला २०१८ साली पटावर जागा मिळाली. एका खेड्याचे नाव आज जगातल्या प्रत्येक नव्या संगणकाच्या हजेरीपटावर आहे. त्याला कारण म्हणजे कोणीतरी जपलेली ती पाने.

दूरदेशीची दोन उदाहरणे देतो. अमेरिकेतील चेरोकी या आदिवासी समाजात सेक्वोया नावाचा कारागीर होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. गोरे लोक कागदावर बोलतात, मग आपण का बोलू नये, या विचाराने त्याने वर्षानुवर्षे खपून १८२१ साली आपल्या भाषेसाठी एका उच्चाराला एक अशी ८५ चिन्हे सिद्ध केली. लोक त्याला वेडा म्हणत, जादूटोणा करतो म्हणत. सांगतात की त्याने प्रथम आपल्या लहान मुलीला ती लिपी शिकवली आणि तिने वाचून दाखवल्यावर लोकांची खात्री पटली. १८२८ साली त्या लिपीत वर्तमानपत्र निघाले. युनिकोडच्या पटावर ती १९९९ साली आली आणि आज चेरोकी मुले मोबाईलवर आपल्या अक्षरांत आजीला निरोप पाठवू शकतात.

दुसरे उदाहरण कॅनडाचे. तेथील क्री लोकांसाठी जेम्स इव्हान्स या धर्मोपदेशकाने १८४० साली लिपी केली. तीत चिन्ह एकच, पण ते ज्या दिशेला फिरवाल तसा स्वर बदलतो. म्हणजे बाराखडीच, पण काना-मात्रा न लावता अक्षरच वळवून केलेली. या लिपीवर लघुलेखनाचा आणि आपल्या देवनागरीचाही प्रभाव आहे असे अभ्यासक सांगतात. ही लिपीही १९९९ सालीच पटावर आली, सहाशेहून अधिक चिन्हांसह. एवढी मोठी यादी, तरी उत्तर ध्रुवाकडील नत्तिलिक लोकांच्या बोलीतील काही उच्चारांची अक्षरे तीत राहून गेली. बावीस वर्षे ते लोक यंत्रावर आपलेच शब्द अपुरे लिहीत राहिले. त्यांच्यातील जाणत्यांनी अभ्यासकांबरोबर बसून पुरावे दिले तेव्हा २०२१ साली ती अक्षरे आली.

पटावर नाव घालावे म्हणून अर्ज कोणीही करू शकतो. त्याला फी नाही, वशिला लागत नाही. समिती एवढेच विचारते: हे अक्षर लोकांनी खरोखर वापरले आहे काय? कोठे? दाखवा. दाखवावयाचा असतो कागद. छापील पुस्तक, हस्तलिखित, जुनी अंकलिपी, दुकानाची वही, पत्र, काहीही. आपल्या नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावर अरबी लिपीतला लेख दगडात कोरलेला आहे. पाचशेहून अधिक वर्षे ऊन-पाऊस खाऊनही तो उभा आहे. शहानूरच्या वाटेने सहलीला जातो तेव्हा मुले त्याच्यापुढे फोटो काढतात आणि पुढे पळतात. दगडाला छिन्नी पुरली. घरातल्या कागदाला मात्र राखणारा लागतो, आणि आपण दिवाळी-ईदच्या साफसफाईत तो रद्दीत घालतो.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही मोबाईलवर मराठी आणि उर्दू इंग्रजी अक्षरांत लिहिता. "लवकर होते, सर" असे म्हणता. होत असेल. पूर्वी मराठीत संदेश पाठवला तर एका संदेशात ७० च चिन्हे बसत, इंग्रजीत १६०. तेव्हा पैशाचा प्रश्न होता हे मलाही कबूल आहे. आता तोही राहिलेला नाही. सरकारी मानकाचा इनस्क्रिप्ट कळफलक तुमच्या यंत्रात फुकट आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. आठ-पंधरा दिवस बोटे अडखळतील. मी पस्तिशीत शिकलो, तुम्हांला एवढे दिवसही लागणार नाहीत. पहिला शब्द 'वऱ्हाड' टाईप करा आणि मला आणून दाखवा. रेघ आडवी हवी.

जाता जाता एक सांगतो. मागच्या सत्रात नववीतल्या एका मुलीने आजोबांच्या पेटीतला एक कागद शाळेत आणला. मजकूर मोडीत आणि खाली साक्षीदाराची सही उर्दूत. सही मी वाचली. मोडीची मला जेमतेम ओळख आहे, म्हणून ती मुलगी आणि मी मोडीची एक अंकलिपी समोर ठेवून मधल्या सुट्टीत एकेक अक्षर लावीत बसतो. पहिली ओळ लागली आहे. तीत गावाचे नाव 'आकोट' असे आहे. दुसऱ्या ओळीत एका शब्दापाशी आम्ही दोन आठवडे अडून आहोत. आपल्यापैकी कोणाच्या घरी मोडी वाचणारे बुजुर्ग असतील तर त्यांना कृपा करून एखाद्या दुपारी शाळेत घेऊन यावे. चहाची व्यवस्था माझ्याकडे.